नोटीस येईल म्हणून दुकानातला क्यूआर काढून टाकायचा का?

टॉवेलवाला_चाटीगल्ली:

नमस्कार मंडळी, जरा लांबडं आहे पण वाचा आणि माहिती असेल तर सांगा. आमचं सोलापुरात चाटी गल्लीत छोटं दुकान आहे, चादरी, टॉवेल, नॅपकिन, लग्नसराईत आहेराचे टॉवेल-टोपी. गिऱ्हाईक निम्मं गावातलं आणि निम्मं अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करत आलेलं, यात्रेकरू लोक उतरतात, चार चादरी घेतात आणि जातात. हल्ली सुट्टे कुणाजवळच नसतात त्यामुळं निम्म्याच्या वर पैसे क्यूआरवरच येतात.

तर झालंय असं की जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूला छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, यूपीआयवर किती पैसे आले ते बघून, आणि तिथं लोकांनी क्यूआर काढून फक्त कॅशचे बोर्ड लावले, हे अप्पांनी टीव्हीवर बघितलं तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलंय. आता शेजारचे दोघं पण तेच म्हणालेत, काढून टाका, रोख घ्या, कुणाला कळत नाही. त्यात आता १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय तर ग्रुपवर मेसेज फिरालेत की आता इन्कम टॅक्सवाले सगळ्यांचं व्हॉट्सॲप वाचणार. अप्पा एवढे घाबरालेत की परवा गिऱ्हाईक उभं असताना क्यूआरचं स्टँड उचलून काउंटरखाली ठेवलं, ती बाई म्हणाली मग राहू द्या आणि समोरच्या दुकानात गेली.

आमची अडचण अजून एक आहे. क्यूआर आईच्या बचत खात्यावर आहे, आणि आई गल्लीतली भिशी चालवते, त्या बायका पण त्याच खात्यावर पैसे टाकतात. बहिणीच्या हॉस्टेलचे पैसे मामा पाठवतो ते पण तिथंच. म्हणजे हे सगळंच धंद्याचं धरणार काय? वर्षाची खरी विक्री २८-३० लाखाच्या आसपास असेल. जीएसटी नंबर नाही. यूपीआयचं सगळं सरकारला दिसतं का, क्यूआर काढायचा का ठेवायचा, आणि ते व्हॉट्सॲपचं खरं आहे का, एवढं सांगा.

हिशोबनीस_नवीपेठ:

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, रोज हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंय. पहिलं म्हणजे क्यूआर काढू नका. टॅक्स यूपीआयवर नसतो, विक्रीवर असतो. रोख घेतली तरी विक्री तेवढीच राहते की.

बेंगळुरूचं काय झालं ते नीट बघा. तिथल्या राज्याच्या कर खात्यानं यूपीआय कंपन्यांकडून आकडे मागवले, २०२१-२२ पासूनचे, आणि ज्यांच्या खात्यावर वर्षाला नोंदणीच्या मर्यादेच्या वर पैसे आलेत पण जीएसटी नंबर नाही अशांना नोटिसा काढल्या. त्यात दूधवाले, भाजीवाले पण सापडले, ज्यांच्या मालावर जीएसटीच नाही. नंतर आरडाओरड झाली, दुकानदार बंदच्या तयारीत होते, मग मुख्यमंत्र्यांनी मीटिंग घेतली आणि जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण पुढं नंबर घ्या असं सांगितलं. म्हणजे नोटीस ही विचारणा होती, यूपीआय वापरल्याचा दंड नव्हता.

आपल्याकडं मालाच्या विक्रीला मर्यादा ४० लाख, सेवा असेल तर २० लाख. तुमची ३० लाख म्हणताय म्हणजे तुम्ही आत आहात. खरी भानगड तुमच्या आईच्या खात्याची आहे. भिशी, मामाचे पैसे, दुकानाचे पैसे सगळं एकत्र करून बेरीज जर ४२-४५ लाख दिसली तर विचारणा होऊ शकते आणि मग तुम्हाला एकेक एंट्री समजावत बसावं लागंल, ही भिशीची, ही मामाची, ही चादरीची. समजावता येतं, पण तीन वर्षांपूर्वीची एंट्री कुणाची होती ते आठवणार आहे का कुणाला? म्हणून दुकानाचं चालू खातं वेगळं उघडा, व्यापाऱ्याचा क्यूआर त्यावर घ्या, आणि आईला भिशीची वही तारखेनिशी लिहायला सांगा, कुणी किती दिले, उचल कुणाला गेली.

आता रोखीचं. लोकांना वाटतं रोख म्हणजे लपलं. बचत खात्यात वर्षभरात मिळून १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक स्वतः आयकर खात्याला कळवते, चालू खात्याला ही मर्यादा ५० लाख आहे. म्हणजे तुम्ही क्यूआर काढून रोख घेणार आणि होलसेलवाल्याला पैसे द्यायला तीच रोख बँकेत भरणार, तर उलट जास्त नजरेत येणार. याच्या उलट तुमचं एकेक यूपीआय, शंभर रुपयाचा नॅपकिन, ते काही आयकराच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, आपोआप उमटत नाही. पोर्टलवर लॉगिन करून एआयएस उघडून बघा, त्यात व्याज, शेअर, जमीन, मोठी रोख असलं दिसतं. मागितलं तर मात्र बँकेला द्यावं लागतं, ते वेगळं.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. छोट्या धंद्याला अंदाजे नफा धरून रिटर्न भरायची सोय आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी, नवीन कायद्यातही सोय कायम आहे. त्यात रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून-यूपीआयनं आलेल्या विक्रीवर ६ टक्के. ३० लाख सगळे रोख असतील तर नफा धरणार २ लाख ४० हजार, सगळे यूपीआयनं आले तर १ लाख ८० हजार, निम्मे-निम्मे असतील तर २ लाख १० हजार. नवीन करप्रणालीत ४ लाखापर्यंत कर नाही आणि १२ लाखापर्यंत सवलत मिळून शून्य होतो, म्हणजे या विक्रीवर अप्पांना आयकर तसाही लागत नाही. कशाला घाबरायचं? रिटर्न मात्र भरा, पुढं कर्ज काढताना तेच कागद लागतात.

अजून एक, व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली की नोटीस आली असं समजू नका. आयकराच्या खऱ्या नोटिसीवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर असतो, तो ई-फायलिंग पोर्टलवर टाकून तपासता येतो, जीएसटीच्या कागदालाही असाच संदर्भ क्रमांक असतो. नंबर तपासल्याशिवाय कुणालाही फोन करू नका, लिंक तर अजिबात उघडू नका.

निवृत्त_कॅशियर:

हिशोबनीसांनी बरोबर सांगितलंय. माझी नोकरी बँकेत गेली, काउंटरवर उभं राहून लोकांची रोख मोजली आहे आयुष्यभर. मला एकच म्हणायचंय, कर चुकवायचा विचार मनातनं काढा. आपण सगळे म्हणतो की पाणी चार-पाच दिवसांनी येतं, रस्त्यात खड्डे आहेत, आणि ते खरंच आहे, माझ्या घरी पण हौद भरून ठेवावा लागतो. पण मग पैसे कुठून यायचे? पगारदार माणसाचा कर हातात पगार यायच्या आधीच कापला जातो, त्याला क्यूआर काउंटरखाली ठेवायची सोय नाही. दुकानदारानं पण तेवढंच सरळ असावं अशी माझी अपेक्षा आहे. टॉवेलवाले तुम्ही मर्यादेच्या आत आहात तर नीट हिशोब दाखवा आणि निवांत झोपा. आणि ते व्हॉट्सॲप वाचायचं म्हणाल तर ज्यानं काही लपवलं नाही त्याला भ्यायचं काय कारण? वाचू देत.

जुळे_सोलापूर_कोडर:

काका तुमचा मान ठेवून बोलतो, कर भरावा हे शंभर टक्के मान्य, पण शेवटचं वाक्य मला पटत नाही. लपवण्यासारखं नसलं तरी दाखवण्यासारखं असतंच असं नाही. माझ्या फोनमध्ये आईचे रिपोर्ट आहेत, बायकोशी झालेलं बोलणं आहे, मित्राच्या घटस्फोटाचे मेसेज आहेत, त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं कुणा तिसऱ्यानं का वाचावं? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, तो चोराचाही आहे आणि सरळ माणसाचाही आहे.

आता फॉरवर्डचं. सगळ्यांचं व्हॉट्सॲप वाचणार हे खोटं आहे. नवीन आयकर कायदा २०२५, त्यातलं कलम २४७, ते झडतीचं कलम आहे. झडती म्हणजे धाड, वरच्या अधिकाऱ्यानं माहितीच्या आधारे अधिकार दिल्यावरच. जुन्या १९६१ च्या कायद्यात १३२ कलम होतं त्यातही कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, इलेक्ट्रॉनिक नोंदी बघायचा अधिकार होताच. नव्यात काय झालं तर आभासी डिजिटल जागा अशी व्याख्या घातली, त्यात ईमेल, सोशल मीडियाची खाती, ऑनलाइन ट्रेडिंगची खाती, क्लाउडवरचं साठवण सगळं आलं, आणि पासवर्ड दिला नाही तर तो ओलांडून आत जायचा अधिकार स्पष्ट लिहिला. टॉवेल विकणाऱ्या माणसाचा रोजचा फोन बघायला कुणी येत नाही.

पण म्हणून विषय संपला असं मला वाटत नाही. धाड टाकायला कोर्टाचं वॉरंट लागत नाही, खात्याचाच अधिकारी खात्याच्याच अधिकाऱ्याला परवानगी देतो. कपाट उघडलं तर कपाटात जेवढं असतं तेवढंच दिसतं, फोन उघडला की पंधरा वर्षांचं आयुष्य दिसतं आणि त्यात ज्यांच्यावर धाड नाही अशी शंभर माणसं पण असतात. धाड मोठ्या माशावर पडते हे मान्य, तरी फोनमधलं काय बघायचं आणि काय नाही, बिनकामाचं कधी पुसायचं, हे कायद्यात लिहिलेलं असायला पाहिजे होतं. याबद्दल आपल्या खासदाराला, आमदाराला विचारलं पाहिजे, मी पत्र लिहिलंय, तुम्ही पण लिहा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, त्यातल्या कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अजून २०२७ लागणार, आणि कंपन्यांना २५० कोटीपर्यंत दंड असला तरी सरकारी यंत्रणांना त्यातनं सूट द्यायची सोय ठेवलीय. हे बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे.

पूर्वभागातली_ताई:

मी वाचत होते सगळं. तुमची चर्चा चांगली आहे दादा पण ती दुकानवाल्यांची आणि फोनवाल्यांची आहे. आमच्या इकडं कामगार वस्तीत, विडी घरकुलात, कुंभारीत रे नगरला येऊन बघा खासगीपणा काय असतो ते. माझी आई विड्या वळते, आख्खं आयुष्य तेच. बोटांच्या टोकाची रेघ गेली आहे घासून घासून. रेशनला अंगठा लावताना मशीन घेत नाही, मग दुसरं बोट, मग तिसरं, मग ओढणीनं पुसून परत पहिलं, मागं रांग ओरडालीय, आणि दुकानदार म्हणतो मावशी उद्या या. तिनं काही लपवलंय का? तिनं तर सगळंच दिलंय. आधार दिलंय, रेशन कार्ड दिलंय, बँक पासबुक दिलंय, बचत गटाच्या कर्जाला परत तेच, फंडाला परत तेच. तिच्या आधारच्या झेरॉक्स किती लोकांजवळ असतील देव जाणे.

आणि आमच्या बायकांना फटका बसतो तो टॅक्सवाल्याचा नाही, या झेरॉक्सचाच बसतो. लाडकी बहिणच्या केवायसीला नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं, ओटीपी त्यांच्या फोनवर. आमच्या गल्लीत एक बाई नवऱ्यापासून वेगळी राहते, तिनं त्या माणसाला फोन करून ओटीपी मागायचा होता, म्हणजे हिला १५०० रुपये येतात हे पण त्याला कळणार. याला कुणी प्रायव्हसी म्हणत नाही पण मला तर हीच सगळ्यात मोठी वाटते. त्याच वेळी नकली लिंका फिरत होत्या, बायका घाबरून कुठंही नंबर टाकत होत्या, पैसे बंद होतील या भीतीनं.

मी जे केलं ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. आईच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, आधारच्या ॲपमधनं होतं, म्हणजे अंगठ्यावर बँकेतले पैसे कुणी काढू शकत नाही, रेशनच्या दिवशी तेवढं उघडायचं. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार देते, त्याच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या साइटवरनं डाउनलोड होतं. आणि सरकारच्या संचार साथी साइटवर जाऊन बघितलं तिच्या नावावर किती सिम आहेत, एक असं निघालं जे आम्ही कधी घेतलंच नाही, ते आमचं नाही म्हणून तिथंच तक्रार टाकली. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढली असेल तर समोर उभं राहून डिलीट करायला लावते, त्याला राग आला तरी चालतंय.

पैसे गेलेच तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, लगेच, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. सोलापूरकराला हा आकडा वेगळा पाठ करायला नको, आपल्या सोलापुरातल्या मार्शल लॉचं साल आहे.

संगमेश्वरची_विद्यार्थिनी:

ताईंच्या बोलण्याला जोडून क्यूआरबद्दलच एक सांगायचंय, दुकानदारांनी वाचावं म्हणून. आम्ही मुली क्यूआर स्कॅन करतो तेव्हा समोरच्याचा क्यूआर जर त्याच्या स्वतःच्या खात्याचा असेल तर त्याच्या फोनवर आमचं नाव आणि बऱ्याचदा मोबाइल नंबर असलेला यूपीआय आयडी दिसतो. माझ्या मैत्रिणीला एका ठिकाणी पैसे दिल्यावर रात्री मेसेज आला, तुम्ही आज आलात ना म्हणून. ती आता त्या रस्त्यानं जातच नाही. त्यामुळं टॉवेलवाले दादा तुम्ही व्यापाऱ्याचा क्यूआर घेणार असाल तर फार बरं होईल, आणि पैसे आल्याचा फोन काउंटरवरच्या पोराच्या हातात देऊ नका, आवाजाचा डबा लावा, रक्कम ऐकू आली की झालं. मुलींनी आपल्या ॲपमध्ये जाऊन मोबाइल नंबर नसलेला यूपीआय आयडी बनवून तो मुख्य ठेवावा, बहुतेक ॲपमध्ये ती सोय आहे. आणि बिलिंगला नंबर मागितला तर नाही म्हणा, टॉवेल घ्यायला फोन नंबर लागत नाही. मॉलमध्ये नाही म्हटलं की बिलच पुढं सरकत नाही असं सांगतात, तिथं मॅनेजरला बोलवा म्हणायचं, लगेच सरकतं.

निवृत्त_कॅशियर:

ताई, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. अंगठ्याचा त्रास बँकेतही बघितलाय, म्हाताऱ्या माणसांना आणि कष्टाचं काम करणाऱ्यांना हमखास होतो. रेशनला बोट लागलं नाही तर परत पाठवायचं नसतं, ओटीपीची किंवा डोळ्याच्या बुबुळाची सोय आहे, दुकानदाराकडं आग्रह धरा, नाहीतर पुरवठा अधिकाऱ्याकडं लेखी द्या. अर्ज लिहून पाहिजे असेल तर मी लिहून देतो. कोडर यांच्या मुद्द्यावर विचार करतोय, फोनमध्ये दुसऱ्यांचं पण असतं ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कर भरण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

टॉवेलवाला_चाटीगल्ली:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री अप्पांना बसवून सगळं वाचून दाखवलं, ६ टक्के आणि ८ टक्क्याचं ऐकून त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. स्टँड परत काउंटरवर आलंय. चालू खात्याचा फॉर्म आणलाय आणि भिशी आई आता वेगळ्या खात्यावर घेणार. विद्यार्थिनी ताई, आवाजाचा डबा पण लावतो, हा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता.

दोन शंका राहिल्या. एक, एमआयडीसीतला एक होलसेलवाला उधारीचं खातं उघडायला माझ्या आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर मागालाय, मास्क्ड दिलं तर चालंल का? दोन, विजापूर आणि कलबुर्गीचं गिऱ्हाईक फोन करून पार्सल मागतंय, पाचपन्नास टॉवेलची ऑर्डर असते, ते पाठवलं तर ४० लाखाच्या आत असून पण काही अडचण?

हिशोबनीस_नवीपेठ:

होलसेलवाल्याला मास्क्डच द्या, ओळख पटवायला तेवढं पुरतं. त्याला संपूर्ण आधार लागायचं काहीच कारण नाही. पॅन द्यावं लागलं तर प्रतीवर आडवं लिहा, अमुक दुकानाच्या उधार खात्यासाठी, तारीख टाकून, म्हणजे ती दुसरीकडं वापरता येत नाही.

दुसरं मात्र नीट ऐका, इथं बरेच जण अडकतात. विजापूरचा माणूस तुमच्या दुकानात येऊन घेऊन गेला तर ती इथलीच विक्री. पण तुम्ही पार्सल लावून कर्नाटकात माल पाठवला तर ती राज्याबाहेरची विक्री, आणि तिला ४० लाखाची सूट नाही, पहिल्या पार्सलपासून जीएसटी नंबर लागतो. कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची सोपी योजना घेतली, दीड कोटीपर्यंत विक्रीवर १ टक्का, तरी त्यात राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. म्हणजे पार्सलचा धंदा खरंच करायचा असेल तर नेहमीचा नंबर घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्केच आहे, टॉवेल-चादरी त्यातच बसतात, आणि मग होलसेलच्या बिलावरचा जीएसटी पण वजा मिळतो. अप्पांशी बोलून ठरवा, तोवर ती पार्सलं थांबवा. येताना सहा महिन्यांचं स्टेटमेंट, दुकानाचं लाइट बिल आणि जागा भाड्याची असेल तर करार घेऊन या, शनिवारी दुपारनंतर ऑफिस बंद असतं.